घरी चालतो, दुकानात नाही

३ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी सव्वाअकराला सगळं बदललं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते ना, तिने ती जाड वही माझ्यापुढे आपटली — "गिऱ्हाईक आलं की जुना नंबर शोधायला दहा मिनिटं! मामांना तर काहीच सापडत नाही. तू कॉम्प्युटरवाला ना? कर की काहीतरी!" चार महिने मी चष्म्याच्या काड्या घट्ट करून घ्यायला तिथे जातोय. इतक्या घट्ट झाल्यात की कान दुखतात! आणि आज तिने स्वतःहून मागितलं.

"पंधरा तारखेच्या आत होईल?"

पंधरा? आठवड्यात देतो!

५ सप्टेंबर, गुरुवार

प्रोग्राम झाला! दोन दिवस जेवणाची शुद्ध नाही. नाव टाकलं की डावा-उजवा नंबर समोर. मी लिहितो तिथलं हिरवं बटण दाबायचं, की पळतो नुसता. ताईला दाखवला. म्हणे, "छान आहे. पण हे बटण दुकानात कुठून आणणार?" तिला यातलं काय कळतंय! तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

चालला नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

काल पुढे लिहवेना. तिने फाइल उघडली — अमुक एक फाइल सापडत नाही. पुन्हा उघडली — तेच. "घरी चालतो हो!" मी तीनदा म्हणालो. दुकान तिच्या मामांचं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग गिऱ्हाइकांना तुझ्या घरी पाठवू का?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "तुमचा कॉम्प्युटरच भंगार आहे!" तिने मान खाली घातली.

घरी येऊन शोधलं. चूक माझीच. मी दिली ती तपासणीची कच्ची फाइल. जिथे बसून प्रोग्राम लिहितो, तिथल्याच सामानावर ती चालते. ते सामान दुसऱ्याच्या मशीनवर असणार कुठून?

बाबा म्हणाले, "कॉलेज अर्धं, हेही अर्धं."

१० सप्टेंबर, मंगळवार

मामांची माफी मागितली. आज पक्की फाइल, लागेल ते सगळं सोबत. प्रोग्राम उघडला! दोनच सेकंद. मग पडद्यावर — नंबरांची यादी सापडत नाही. आणि पुढे त्या यादीचा अख्खा पत्ता! माझ्या घरच्या मशीनवरचा. तो मी प्रोग्राममध्ये तसाच लिहून ठेवला होता. आधी माझं नाव, मग फोल्डरचं — 'फक्त तिच्यासाठी'.

मामांनी मोठ्याने वाचलं. "म्हणजे गिऱ्हाइकांसाठी नाही?"

तिने टिचकी मारून ती चौकट बंद केली. हळूच. हळूच का?

११ सप्टेंबर, बुधवार

कुठल्या तोंडाने जाऊ?

१२ सप्टेंबर, गुरुवार

तिचाच फोन! "पंधराच्या आत नक्की ना रे?" म्हणजे रागावली नाही. वाट बघतेय!

ताईने स्वतःचा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "यावर तुझं काहीच नाही. इथे चालला तर कुठेही चालेल." आता प्रोग्राम यादी स्वतःच्या शेजारीच शोधतो, कुठेही ठेवा. सहा वेळा बंद पडला. सातव्यांदा चालला. ताईला उचलून गरकन फिरवलं. "सोड रे, घोड्या!"

१४ सप्टेंबर, शनिवार

चालला. पेनड्राइव्ह काढला, तरी चालला. मामांनी एका आजोबांचा नंबर स्वतः शोधून दिला — "अरे, जमलं की मला!" तिने टाळ्याच वाजवल्या. "आता सोडाल ना मला, मामा? परवा कॉलेज सुरू होतंय तिकडे, उद्याची गाडी आहे." वहीतलं फक्त तिलाच सापडायचं, म्हणून मामा तिला सोडत नव्हते. मग माझ्याकडे वळून, हळूच — "तू नसलास तरी चालेल ना हा?"

"चालेल," मी म्हणालो. "कुणीच लागत नाही आता."

बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.