एका गुन्ह्याची एकच शिक्षा

मी, गोमतीबाई धनसिंग आडे, वय एकाहत्तर, राहणार धावंडी तांडा, शिरपूर जैनच्या अलीकडे, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, धंदा पूर्वी अंगणवाडी सेविका, आता शेती आणि शेळ्या, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणारा तांड्यात अजून जन्मायचा आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं माझी वकील साधनाताई म्हणते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे यजमान धनसिंग २०१६ साली वारले. मला दोन लेकरं. मुलगा सेवालाल, तो तांड्यात माझ्याजवळ राहतो. मुलगी उज्ज्वला, ती कामरगावला असते. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो, पण इथं जिथं कोणाचं बोलणं आलंय ते वऱ्हाडीत उतरवलंय, म्हणजे तलाठ्याला दुभाषा लागायचा नाही. आईला आम्ही याडी म्हणतो, तेवढं तसंच ठेवलंय.

कलम १. दोन शेळ्या आणि होणारी करडं सुनेला. तिनंच त्यांचं केलं, मी नुसती नावं ठेवली. माझं शिवणयंत्र, आरशांच्या दोन फेटिया, म्हणजे आमचे घागरे, आणि चांदीचं कडं नातीला, सेवालालच्या पोरीला. कडं मोडून मोबाईल घेतल्यास मी स्वप्नात येईन.

कलम २. अंगणवाडीच्या दारात लिंबाला टांगलेला ट्रॅक्टरच्या नांगराचा झिजलेला तवा मी विकत आणलेला आहे, पावती ट्रंकेत आहे. तो अंगणवाडीलाच राहावा. तवा वाजला की शेतातल्या बायांना कळतं, लेकरं जेवली. पावती का जपली ते पुढे येईल.

कलम ३. माझा जाड भिंगांचा चष्मा शेजारी उदयसिंग यांना द्यावा. त्यांना नजरेचा त्रास जुना आहे. माझ्याविरुद्ध पोलिसात तक्रार लिहिली तेव्हा त्यांना दोन फुटांचा रूळ पंधरा फूट दिसला होता.

रुळाची गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण पुढची वाटणी तिच्यावर उभी आहे.

छोटी लाईन काढून मोठी लाईन टाकली तेव्हा जुन्या रुळाचे तुकडे पावसाळाभर गवतात पडून होते. अंगणवाडीला घंटा नव्हती. मी ऊसतोडीवरून आलेल्या लेकरांना गोळा करायला रोज दोन फर्लांग ओरडत फिरायची. आमच्याकडे रीत आहे, रानातली वस्तू उचलायची तर राखणदाराला विचारायचं. मी गँगमनला विचारलं. तो म्हणाला, "ने ना बाई, भंगारच हाय." त्याचं 'ने' म्हणजे सरकारचं 'ने' नव्हे, हे मला कोण सांगणार? दोन फुटी तुकडा सायकलला बांधून आणला, लिंबाला टांगला. असा खणखणीत आवाज की शिवारातली वानरं पळाली.

सहा महिन्यांनी रेल्वेचे पोलीस आले, रूळ उतरवला, पंचनामा केला. ती झाली एक केस, केंद्राच्या कायद्याची, रेल्वेचा माल जवळ बाळगला म्हणून. उदयसिंग यांना त्यांच्या सुनेसाठी माझी सेविकेची जागा पाहिजे होती. त्यांनी तेवढ्यात ठाण्यात तक्रार दिली. ती झाली दुसरी केस, राज्याच्या पोलिसांची, चोरीची. रूळ एक, उचलणारी मी एक, आणि कोर्टं दोन. एकदा तर दोन्हींची तारीख एकाच दिवशी आली. मी म्हटलं, "साधनाताई, अर्धी इकडं जाऊ आणि अर्धी तिकडं?"

साधनाताई तेव्हा नवीन होती, माझ्या पोरीच्याच वयाची. तिनं समजावून सांगितलं, "मावशी, घटनेत लिहिलंय, कलम वीस. एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा नाही. पण दोन्ही केसा चालू हायेत तवर तो नियम कामाचा नाही. एकीचा निकाल लागू द्या, मंग पाहू."

मग मी निकाल लावला. रेल्वेच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? साधनाताई मला डोळ्यांनी नाही-नाही करत होती. मी म्हटलं, "हो साहेब, मीच नेला. लेकरायसाठी नेला." लेकरांना वर्षानुवर्षं खरं बोला म्हणून शिकवलं, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? साहेबांनी शिक्षा कमी करायची खास कारणं लिहिली, दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं. पंख्याखाली बसले. इतका आराम मला लग्नानंतर पहिल्यांदा मिळाला.

साधनाताई डोकं धरून बसली होती. पण पुढं मालेगावच्या कोर्टात तोच निकाल कामी आला. सरकारी वकील हुशार होते. म्हणाले, "माल जवळ बाळगणं हा एक गुन्हा, चोरून नेणं हा दुसरा. कायदे दोन, गुन्हे दोन." साधनाताई ताडकन उठली, "साहेब, न नेता तो तिच्याजवळ आला कसा? रूळ काय चालत तांड्यात आला? कृत्य एक, हकीकत एक, पुरावा तोच. तिची शिक्षा भोगून झाली." साहेबांनी आठ दिवसांनी चोरीची केस बंद केली.

सगळंच सुटलं असं नाही. रूळ उतरवताना मी एका शिपायाला ढकललं होतं, त्याचा दंड वेगळा झाला, कारण ते काम वेगळं होतं. मी ढकललं होतं, हे खरं आहे. ऑफिसनं मला सात महिने घरी बसवलं, तिथंही हा नियम लागू झाला नाही, कारण ऑफिस म्हणजे कोर्ट नव्हे. तरी मी खुश होते. तांड्यात सांगत फिरायची, सरकार एवढं मोठं, पण त्यालाही एका चुकीसाठी बाईला दोनदा मारता येत नाही!

आता घरचं.

कलम ४. माझी मुलगी उज्ज्वला हिनं २०१४ साली हरीओम याच्याशी कोर्टात लग्न केलं. तो कामरगावला जीप चालवतो, कुणब्याचा आहे, भला आहे. तिचे वडील तिच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. ते वारल्यावर चार एकर जमिनीत तिचा वाटा निघाला, तेव्हा सेवालाल म्हणाला, हक्कसोड लिहून दे. तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं, "याडी, सही केली तं मले घरी येऊ देशीन ना?"

मी हो म्हटलं. तिनं सही केली. ती तिची शिक्षा होती आणि ती तिनं पूर्ण भोगली.

तीन वर्षांमागं नातीच्या लग्नात उज्ज्वला आली. हातात साडीचा बॉक्स, मागं हरीओम. सेवालाल मांडवाच्या तोंडाशी आडवा झाला. ती म्हणाली, "दादा, मी सही करून देल्ली ना?" तो म्हणाला, "पळून गेली तो एक गुन्हा, त्याची सही घेतली. आता तोंड वर करून मांडवात आली, हा दुसरा गुन्हा."

मी आत होते. दाराच्या मागं, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन. सगळं ऐकलं. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत राहिले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तरी उठले नाही. ज्या बाईनं दोन कोर्टं पालथी घातली, ती तेव्हा सुपाआड बसून राहिली. मला माझी लाज वाटते.

सेवालाल, तू हे वाचशील म्हणून तुला सांगते. तुझं बोलणं मी आधी ऐकलं होतं, सरकारी वकिलाच्या तोंडून. ते तिथंही टिकलं नाही. तिचं कृत्य एकच होतं, लग्न. घर हे कोर्ट नाही, तिथं घटनेचं कलम चालत नाही, हे मला माहीत आहे. पण या कागदात साहेब मी आहे.

कलम ५. म्हणून, गट नंबर ११७ मधील माझ्या नावची दोन एकर जमीन आणि विहिरीचं अर्धं पाणी उज्ज्वलाला. उरलेली दोन एकर सेवालालच्या नावावर आधीच आहे, ती त्याचीच. घर सेवालालला, पण ओसरीची खोली उज्ज्वलाची, तिच्या हयातीपर्यंत. तिनं तिथं राहावं की नुसतं कुलूप लावावं, ही तिची मर्जी. खोलीचं दार बाहेरून उघडतं, मांडवातून जायची गरज नाही.

सेवालालवर माझा राग नाही. त्यानं मला दोन दुखण्यांत पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. बहिणीला हाकललं म्हणून मी त्याला तीन वर्षं टोमणे मारले, त्याची शिक्षा झाली. त्या गोष्टीवरून त्याला आता कोणी काही बोलू नये, मी सुद्धा.

कलम ६. राहिला माझा गुन्हा. हो म्हणून शब्द दिला आणि दाराआड गप्प बसले. त्याचा खटला अजून चाललेलाच नाही. त्याची शिक्षा उज्ज्वलानं ठरवावी. जी द्यायची ती द्यावी, पण एकदाच द्यावी. मी मेल्यावर कागद उघडला तर मला शिक्षा कोण देणार? म्हणून सही मी तिच्यासमोर करणार आहे.

कलम ७. (हे कामरगावला, सहीच्या आधी वाढवलं.) सकाळच्या बसनं साधनाताईला घेऊन आले. उज्ज्वलाला न कळवता. तिनं दार उघडलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं. सहाव्या कलमापाशी ती पदर तोंडाला लावून रडली, मीही रडले, हरीओम जीपचं काहीतरी पाहायला निघून गेला.

मग म्हणाली, "सांगू शिक्षा? आत्ता दादाले फोन लाव. म्हण, मी उज्ज्वलाच्या घरी हाय, मुक्कामाले. हळू नाही, मोठ्यानं म्हण."

नंबर तिनंच लावून दिला. मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या बाया बाहेर आल्या इतक्या मोठ्यानं. मला वाटलं आता सेवालाल शिव्या देतो.

तो म्हणाला, "याडी, बीपीच्या गोळ्या नेल्या का?"

मी म्हटलं, विसरले.

"मंग सांज्याले घेऊन येतो," तो म्हणाला. "घर कोठी हाय तिचं? मले मालूम नाही."

मी फोन उज्ज्वलाच्या हातात दिला. ती पत्ता सांगत असताना मी खाली सही करत आहे.

लिहून देणार: गोमतीबाई धनसिंग आडे (सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत आणि चष्मा लावून सही केली:
१. ॲड. साधना, मालेगाव (सही)
२. किशन, निवृत्त शिक्षक, उज्ज्वलाचे शेजारी (सही)

स्थळ: कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५