भाऊजींचा हुंदका कापण्याबाबत

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (त्यातली दोन-तीन अंगं मानदुखीमुळे वजा करून घ्यावीत. मान कशाने धरली ते पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? ताई म्हणते, औषध घ्यायचं टाळता आणि दोष मात्र पंख्याला देता. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत.

आता तुमच्या लग्नाच्या डीव्हीडीविषयी. ती माझ्या हाती देताना तुम्ही दोन कामं सांगितली होती. एक ताईसमोर: रविवारी पाहुण्यांना दाखवायला तीन तासांचं लग्न तासाभरात बसव, पण चित्र जरासुद्धा बिघडता कामा नये. दुसरं जिन्यात, माझा दंड धरून: गाडी निघण्याआधी हॉलच्या मागच्या दारापाशी मी रडतो, तेवढं काप. नुसत्या खाकरण्याने भल्याभल्या कॅशियरना घाम फोडणाऱ्या हिशेब तपासनिसाचा हुंदका चारचौघांत दिसू नये, हे मलाही पटलं. (इतकी वर्षं तो भाग जवळ आला की "पुढे नुसतं सामान उचलताहेत" म्हणत तुम्ही प्लेयर बंद करायला का उठायचा, तेही कळलं.)

मी कॉम्प्युटरसमोर बसलो तो मान धरेपर्यंत उठलो नाही. आधी जेवणारी माणसं कापली आणि सेव्ह केलं. मग काकांचं भाषण कापलं (त्यांना कळवू नये), पुन्हा सेव्ह केलं. मग बँडवाले कापले. असं करत करत लग्न आटोपशीर झालं, पण ताईच्या चेहऱ्यावर नाक कुठे आहे ते आता ओळखीवरूनच सांगावं लागत होतं. तुमच्या मिशीचा तर नुसता डाग उरला होता. मी आधी मॉनिटर पुसला, मग चष्मा पुसला, मग डीव्हीडी बनवणाऱ्याला शिव्या घातल्या.

शेवटी हिने प्रोग्रॅमची माहिती वाचली. (मी ती वाचणं कमीपणाचं समजत होतो. ही तर शाम्पूच्या बाटलीवरचंसुद्धा सगळं वाचते.) तेव्हा कळलं, की मी दर वेळी सेव्ह करताना अख्खं चित्र नव्याने बनवत होतो, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढत होतो. खरी रीत अशी, की मूळ चित्राला हात लावायचा नाही, नुसतं कापायचं आणि जोडायचं. मात्र वाटेल तिथे कापता येत नाही. डीव्हीडीत पूर्ण चित्रं मधूनमधूनच असतात, त्यांच्यामध्ये फक्त काय हललं तेवढीच नोंद. काप पूर्ण चित्रावरच घ्यावा लागतो. मूळ डीव्हीडी सुखरूप होती, म्हणून पुन्हा श्रीगणेशा केला. ताईचं नाक परत आलं.

आणि मग तुमचा हुंदका आला. भाऊजी, तुम्ही मला सांगितलं नव्हतं की तिथे आई आहे. ती मागून येते, स्वतःच्या रुमालाने तुमचे डोळे पुसते आणि हसत म्हणते, "अहो, मुलगी आमची चालली, आणि रडताय तुम्ही?" कॅमेरा दिसला की दाराआड जाणारी बाई ती. तिचा आवाज आपल्याकडे दुसरा कुठेही नाही. मी ते ऐकलं. मला आईची फार आठवण आली.

तरी तुमच्या शब्दाखातर प्रयत्न केला. कापायला दोनच जागा सापडल्या. अलीकडे कापावं तर तुमचं तोंड पूर्ण उघडं, पलीकडे कापावं तर आईचं "अहो" जातं, आणि उरलेल्या वाक्यात तुम्ही रडताय हे ती सांगतेच. तेवढाच तुकडा नव्याने बनवावा, तर नेमकी आई पुसट होते. ते माझ्याच्याने झालं नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, खोकल्याला औषध.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) मेहुणा

ता. क. मुद्दा असा, की तो भाग राहू द्यावा, एवढी परवानगी हवी आहे. पाहुणे हसले तर मी काकांचं भाषण परत घालतो, सगळे झोपतील.

ता. क. परवानगी राहू द्या. पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात ताई आली. हिने तिला थेट तोच भाग लावून दिला. ताईने आईचं "अहो" पुन्हा पुन्हा ऐकलं. ती तर तेव्हा पुढच्या दाराशी गाडीत बसली होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि हे मला आजवर सांगतात, चपला सापडत नव्हत्या म्हणून गाडीत यायला उशीर झाला!"

ता. क. घरातला डिंक वाळलाय, म्हणून पाकीट उघडंच आहे आणि ताईच्याच हाती देतोय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती समोर उभी असेल. चपला कुठे सापडल्या, ते तिला एकदा सांगून टाका.