डोईमागे एक पिंप

४ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बागेतली सफरचंदं उतरवून झाली. काल मद्य खात्याचे निरीक्षक आले होते. घरी वाइन करायची तर राहत्या प्रौढ माणसामागे एकच पिंप ठेवता येतं; जास्त हवं तर मोठ्या कारखान्याचा परवाना काढा, हा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही दोघं, म्हणून पिंपं दोन. निरीक्षक चष्मा पुसत म्हणाले, बाई, घरात आता माणूस एकच. दुसऱ्या पिंपाला सील लावून गेले. महिनाअखेर ते ओतून देतील.

ह्यांनी भरलेलं ते शेवटचं पिंप.

लहान उत्पादकांसाठी नवा कायदा येतोय असं ऐकते. तुम्ही सभागृहात आहात, पण दारूविरोधी पक्षाच्या, म्हणून संकोच वाटतो. मत मागत नाही. कायदा कधी येतोय एवढंच कळवावं.

लोभ आहे, तो आंबू देऊ नये.

तुमची,
अबोली

११ ऑक्टोबर

चि. अबोलीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. म्हणे मत मागत नाही! मग नणंद काय लोणच्यात घालायला ठेवली आहेस?

कायदा याच महिन्यात येतोय. त्याला विरोध कोणाचा, ठाऊक आहे? सगळ्यात मोठ्या दारू कारखान्याच्या मालकाचा. घरगुती दारूने संसार कसे धुळीला मिळतात, ते त्याने माझ्या कचेरीत बसून मला ऐकवलं. चोराच्या उलट्या बोंबा! आमचे पक्षाध्यक्ष मात्र नंदीबैलासारखी मान हलवत होते.

समितीत मी विचारलं, न पिणारं माणूस मोजतात का? सचिव म्हणाले, घरात कोण राहतं ते कायदा विचारतो, कोण पितं ते नाही. म्हणजे जन्मात थेंब न घेतलेली मी एका पिंपाच्या मोलाची! समिती खो खो हसली. मी मात्र ठरवून टाकलं. नवा कायदा पडला तर बाडबिस्तरा घेऊन तुझ्याकडे राहायला येते. धाकट्याचं पिंप कोण ओततो तेच बघते.

माया आहेच, आता जागाही कर.

तुझी थोरली

१६ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

एका पिंपासाठी पक्षाशी वाकडं घेऊ नये. लोक तुम्हाला नावं ठेवतील.

मागची खोली झाडून घेतली आहे. खिडकी अडकत होती, ती सुताराकडून तासून घेतली. तुम्ही येण्याचा संभव आहे असं निरीक्षकांना सांगितलं, तर ते दचकून उभेच राहिले. त्यांची बायको म्हणे तुमची एकही सभा चुकवत नाही.

लोभ पूर्वीइतकाच, काळजी थोडी जास्त.

अबोली

२८ ऑक्टोबर

चि. अबोलीस,
अ. आ.

कायदा झाला! लहान उत्पादकांना माणसं मोजून पिंपं ठेवण्याची अट गेली, आणि दारातच विकायची मुभाही मिळाली. मी बाजूने मत दिलं. उभी राहून म्हणाले, दारू वाईट असेल तर त्या कारखान्याचीही वाईट, माझ्या भावाचीच तेवढी कशी? बाकं बडवून लोकांनी हात लाल करून घेतले. पक्षाने शिस्तभंगाची नोटीस दिली आहे. ती उशाशी ठेवून झक्क झोपले.

तेव्हा आता निश्चिंत राहा. माझी लुडबुड टळली. खोलीत हवं तर बाटल्या ठेव.

लांबूनच, पण तीच माया,

तुझी थोरली

२ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

निरीक्षकांनी स्वतः येऊन सील काढलं. चव बघू का म्हणाले, मग अंगावर गणवेश आहे हे आठवून चहावर भागवलं.

खोलीत बाटल्या ठेवलेल्या नाहीत. नवीन गादी आणली आहे. तुम्हाला कडक लागते, तशीच भरून घेतली.

नवा कायदा मी नीट वाचला. आता या घरात कितीही माणसं असली तरी चालतं. एकच असलं तरी चालतं.

मला चालत नाही. या.

लोभ सोबत घेऊनच यावं.

तुमची,
अबोली