बाहेरचा

बाबा, त्या रविवारी सकाळी मी पोहे निवडत होते, आई मोरीत कपडे धोपटत होती, आणि तुम्ही दारातूनच म्हणालात, "चल गं, इटालियन पिक्चर लागलाय. हिंदीत बोलतो." आई म्हणाली, "पोरीला खुनाचा पिक्चर?" "डोळे झाकीन की तिचे," तुम्ही हसलात. आणि झाकलेतही. पडद्यावर काळे हातमोजे आले की तुमचा तळहात माझ्या डोळ्यांवर, तंबाखूच्या वासाचा. शेवट मी पाहिलाच नाही. परतताना विचारलं, खुनी कोण? तुम्ही म्हणालात, "बाहेरचा होता. घरातलं माणूस असं करतं का?" त्या उत्तरावर मी इतकी वर्षं निवांत झोपले.

शाळा आठवीत सुटली, तरी वाचत राहिले. हे गेल्यापासून तर दुपारी पुस्तक, नाहीतर पिक्चर. परवा मोबाईलवर तोच सापडला. पिवळ्या उजेडातला गोल जिना, लाल कोटातली बाई एकटी चढतेय, मागे अंगाईसारखी धून. किती देखणा, बाबा, आणि किती वाईट. मधेच धप्प झालं. मी आवाज बंद केला. पुन्हा धप्प झालं. ते वरून होतं.

वर भाड्यानं नवरा-बायको राहतात. तो नम्र, जिन्यात भेटला की वाकतो. मागे एकदा तिच्या गळ्यावरचे वळ पाहून मी तिला विचारलं, तर तिच्याआधी तोच बोलला, "काकीजी, क्या बताऊं, हिला बाहेरचं लागलंय. स्वतःच ओरबाडून घेते." ती जमिनीकडे बघत होती. आणि मी, एवढी वाचणारी, देवळातला अंगारा नेऊन दिला तिला.

पिक्चर मी शेवटपर्यंत पाहिला. हातमोजे उतरले. लाल कोटातल्या बाईचा नवराच होता, पहिल्यापासून तिला कॉफी करून देणारा. तुम्ही शेवट पाहिला होतात, बाबा. तुम्हाला ठाऊक होतं. वर आता काहीच वाजत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: तुम्ही असता तर मी पुन्हा तुम्हालाच विचारलं असतं, आणि 'बाहेरचा' ऐकून गप्प बसले असते.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी वर गेले, तिला माझ्या घरात आणलं आणि आतून कडी लावली. संध्याकाळी "काकीजी, काकीजी" म्हणत त्यानं हळूच दार वाजवलं. मी पोलिसांना फोन लावला.