बाबा मान डोलावतात

३ फेब्रुवारी

आज परत तेच! सव्वादहा वाजले आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून मिशीवाला गरजला – "बाईच्या हातात हत्यार आलं, की घराचं घरपण गेलं!" बाबांचा मोबाईल पूर्ण आवाजात. इकडे काउंटरवर मी. डोळ्याला भिंग, हातात स्क्रू ड्रायव्हर. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय आणि मी त्याच्या घड्याळात तोंड खुपसलेलं.

पडदा सारून पाहिलं. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, मोबाईल नाकाशी, आणि मान डोलावतायत! एकदा नाही, सारखी. हातात पेन्सिल. मध्येच वहीत काहीतरी टिपून घेतलं. दहा-बारा दिवस झाले, हा माणूस रोज नवा व्हिडिओ टाकतो आणि बाबा रोज हजेरी लावतात. मिशी झुपकेदार, मागे भिंत, तोंडात एकच विषय – बाईने कुठे बसावं.

पंधरा वर्षांपूर्वी लग्न मोडून घरी आले, तेव्हा बाबांनीच एक शब्द न विचारता माझ्या हातात भिंग ठेवलं होतं. "बस इथे. हे उघड. घाबरू नकोस, बंदच आहे, तुझ्यामुळे आणखी काय बंद पडणार?" तेच बाबा आता मान डोलावतात.

५ फेब्रुवारी

पाटीचं विचारलंच शेवटी. वीस तारखेला पेंटर येणार. जुन्या पाटीवरचं बाबांचं नाव अर्धं उडालंय. दुकान आता पुढच्या माणसाकडे द्यायचं, असं तेच वर्षभर म्हणतायत.

"बाबा, पाटीवर नाव कुणाचं घालायचं?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू बघू." आणि परत पुढ्यातल्या गजराच्या घड्याळावर दोन बोटं टेकवून बसले. हल्ली ही नवीनच सवय. घड्याळ कानाशी धरत नाहीत, बोटं लावतात.

समोर चिमटा उभा होता. चिमटा म्हणजे माझा चुलतभाऊ. अंगाने तसाच आहे म्हणून नाव पडलं. तो दुरुस्त झालेली घड्याळं घरोघरी पोचवतो. उघडलेलं घड्याळ बघितलं की त्याला घाम फुटतो. पण पुरुष आहे ना! मिशीवाल्याच्या हिशेबाने तेवढं पुरतं.

बिचारा स्वतःच म्हणाला, "ताई, मला नको हं असलं काही." त्याच्यावरच चिडले. उगाच.

७ फेब्रुवारी

बाजारातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ अडकलंय. दरवेळी मीच चढते. पिशवी भरून निघाले, तर बाबा दारात आडवे. "तू नको. चिमट्याला जाऊ दे."

"का?"

तोवर त्यांनी पाठ फिरवली. आणि आजच सकाळी मिशीवाला सांगून गेला होता की उंचीवरची कामं निसर्गाने कुणाला दिलीत ते!

दिवसभर बोलले नाही. त्यांना फरक पडल्याचं दिसलं नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी

म्हटलं, बघू तरी यात एवढं काय आहे. स्वतःच्या मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. मग दुसरा. मग तिसरा आपोआप लागला. भांडायला गेले होते, दीड तास बसले! माणूस बोलतो छान, हे कबूल करायला हवं. हळू आवाजात सुरू करतो, काळजीच्या सुरात. आपल्याच घरातलं कुणी वडीलधारं समजावतंय असं वाटतं.

आता माझा मोबाईलही तेच दाखवतोय. भाजी चिरायची युक्ती शोधली तर खाली मिशी. पुरुषांची कामं करणाऱ्या बायका एकट्या का पडतात, यावर एक आख्खी मालिका आहे. दोन भाग पाहिले.

११ फेब्रुवारी

आज जे केलं ते कुणाला सांगणार नाही. इथेच लिहिते.

एक म्हातारे गृहस्थ आले. खिशातलं जुनं घड्याळ, वडिलांचं. इकडेतिकडे बघत म्हणाले, "घड्याळवाले नाहीत का?" पंधरा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. पंधरा वर्षं एकच उत्तर – "मीच. बोला." आज तोंडातून निघालं, "थांबा हं, बोलावते."

बाबा आले, घड्याळ घेतलं, आणि तसंच माझ्यापुढे सरकवलं. मी मान खाली घालून उघडलं. केसाएवढी स्प्रिंग दोनदा निसटली. माझी! मी ती स्प्रिंग गप्पा मारत बसवते.

बाबांची मतं बदलली म्हणून रडत होते. इथे माझीच बदलायला लागलीत.

१३ फेब्रुवारी

पेंटरचा माणूस विचारून गेला, मजकूर काय. बाबा – "बघू."

१५ फेब्रुवारी

हुश्श! काय लिहू, कुठून लिहू!

सकाळी भडकाच उडाला. मिशीवाला सुरू झाला तशी भिंग ठेवून आत गेले आणि फडाफडा बोलले. पंधरा वर्षं राबले, डोळे घालवले या दुकानात, आणि तुम्ही या माणसाच्या बोलण्यावर माना डोलावता? द्या चिमट्याला दुकान! मी जाते कुठेतरी! बोलता बोलता रडायलाच आलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी काय म्हणावं त्यांनी?

"बघू."

मग माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं असावं. घाबरले. कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. "हे बंद पडलंय. महिना झाला. तू ओरडशील म्हणून नाही बोललो. नुसतं घालून बसतो. काय झालं ते जरा मोठ्याने सांग."

महिना! महिनाभर हा माणूस अंदाजाने जगतोय, आणि कुणी काही विचारलं की "बघू"! दोन माणसांच्या घरात मला कळलं नाही. कसं कळणार, मी रुसून बसले होते ना!

मी मोबाईलकडे बोट दाखवलं. कानाशी ओरडले, "हा काय बोलतो, माहितीय?"

"कोण? हा? बातम्या देतो ना? तोंड फार उघडतो. ते सोड – मागे बघ, मागे!"

मागे बघितलं. मिशीच्या डाव्या अंगाला, भिंतीवर, लाकडी पेटीतलं लंबकाचं घड्याळ. इतके तास पाहिले ते व्हिडिओ आणि मला दिसलं नव्हतं. मला! घड्याळवालीला!

"कसला नग आहे बघ. माझ्या उमेदवारीच्या काळात दोनदाच हाताखालून गेला. आणि या गाढवाने तिरका टांगलाय. लंबक डावीकडे कमी जातो. मोज." आणि लंबकाबरोबर मान डोलवायला लागले. डावी, उजवी. डावी, उजवी.

वही दाखवली. बावीस दिवसांच्या नोंदी. लंबकाचे झोके, काट्यांची जागा. "रोज थोडं आणखी मागे पडतंय. जीव तुटतो माझा."

मी जमिनीवर बसून हसले. हसता हसता परत रडले. बाबांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, मनोऱ्याची शिडी कुजलीय, तिसरी पायरी गेलीय, चिमटा नवीन लावून आला की मग तू जा. आधी का नाही सांगितलं? "पाठीमागून तू काही विचारलंस का? मला कसं कळणार?"

१६ फेब्रुवारी

चिमटा मशीन दुरुस्त करवून घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "ताई, काकांनी त्या मिशीवाल्याच्या खाली काय लिहिलंय, वाचलंस का?"

बाबांनी एका बोटाने टाइप केलेलं. तीन दिवस लागले म्हणे. व्हिडिओचं नाव 'बाईचा हात कुठे शोभतो' (घड्याळ सोडून बाबा ते कशाला वाचतील!), खाली शेकडो लोकांच्या वाहवा, आणि मध्येच हे –

"आपल्या मागचे घड्याळ तिरके टांगले आहे. डावी बाजू किंचित वर घ्यावी. लंबकाची पट्टी वाकली असल्यास माझ्या मुलीकडे पाठवावे. काम मी शिकवले, पण हात तिचा माझ्याहून चांगला आहे." खाली दुकानाचा पत्ता, वेळ, सुट्टीचा वार.

तारीख – अठ्ठावीस जानेवारी. म्हणजे मी पडद्यामागे जळत होते त्याच्याही आधी!

अकराशे लोकांना आवडलंय. "काका, काय हाणलीत!" "एका वाक्यात गार केलं!" बाबा चष्मा पुसून पुसून आकडा बघत होते. "लोकांना घड्याळांची इतकी आवड आहे, मला माहीतच नव्हतं."

'हात तिचा माझ्याहून चांगला आहे' ही ओळ मी वहीत उतरवून घेतलीय. मागच्या पानावर.

१७ फेब्रुवारी

कानात मशीन घालून बाबांनी आज मिशीवाला पहिल्यांदा ऐकला. म्हणाले, पूर्ण ऐकणार. ऐकू न येणाऱ्या माणसाने बाजू घेतली होती – आता खरं कळणार.

चाळीस मिनिटं. मान हलली नाही. मोबाईल बंद करून पालथा ठेवला.

"बावीस दिवस या माणसापुढे मी मान डोलावली?"

"हो."

"कुणी पाहिलं?"

"अर्ध्या बाजाराने."

कपाळावर हात मारला! मग म्हणाले, "ते गिऱ्हाईक आलं होतं, घड्याळ मी तुझ्यापुढे सरकवलं, तेव्हा तुझ्या हातून स्प्रिंग दोनदा निसटली. मला वाटलं, ताप आलाय." त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "यामुळे?" मी मान डोलावली. बाबा उठले, पेंटरला फोन लावला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वीस तारीख कशाला? उद्याच या. मुलीचं नाव. मोठ्या अक्षरांत. नाही, माझं खालीही नको."

१८ फेब्रुवारी

पाटी लागली. रस्ता ओलांडून पलीकडून पाहिली. मग आणखी लांबून. दिसते!

२१ फेब्रुवारी

नवीन शिडीवरून मनोऱ्यावर. बाराचे ठोके वेळेवर. बाबा खाली उभे, कानावर हात ठेवून. म्हणाले, फार मोठा आवाज आहे. मजेत होते.

२७ फेब्रुवारी

दुपारी एक बाई आली. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत, दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग. इकडेतिकडे बघितलं. "पाटीवरच्या बाई कोण?"

"मीच. बोला."

चादर सोडली. व्हिडिओतलं तेच घड्याळ! म्हणाली, माझ्या आईचं आहे. नवऱ्याचे व्हिडिओ मीच काढते, खालचं सगळं मीच वाचते. तुमच्या वडिलांचं रोज वाचत होते.

पट्टी वाकलीच होती. आठ दिवस लागतील म्हटलं. पोचवायला पत्ता विचारला.

"पत्ता अजून नाही," ती म्हणाली. "घर घेतलं की कळवते." आणि बॅग उचलून हसली.