काळ्या चौकटीची खिडकी

सोमवार, ४ तारीख

पोरी, येऊन चार दिवस झाले आणि तू दिलेली वही आज उघडतोय. रागावू नकोस. रोज लिहा, पानं भरली की पाठवा, असं तू बजावलं होतंस. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मी भलत्यालाच हो म्हणतो, हेही खरं. पण आधी चष्मा सापडेना, आणि सापडल्यावर काय लिहावं ते सुचेना.

जागा झकास आहे. खाली गालिच्यांचे माग, वर माझी खोली. बाहेर रंगवलेल्या लोकरीच्या लडी वाळत असतात. काम बसून करायचं, म्हणजे गुडघ्यांची चैन. गालिच्यांचे जुने नक्शे, म्हणजे विणायची नक्षी, तळघरातल्या जुन्या संगणकात आहेत. एक चौकोन म्हणजे एक गाठ. ते उघडणारा प्रोग्राम त्याच यंत्रावर चालतो. माझ्या टेबलावरचं यंत्र दुसऱ्या जातीचं, त्याला तो कळत नाही. म्हणून तंत्रज्ञाने तार जोडून दिली. प्रोग्राम चालतो खाली, त्याची खिडकी उघडते वर, माझ्या पडद्यावर. मी म्हटलं, म्हणजे चूल शेजारी आणि ताट आपल्या घरी. तो म्हणाला, आजोबा, कॉलेजात मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. तळघरातून आलेल्या खिडकीची चौकट करडी असते, एवढी खूण त्याने दिली. पुसट झालेल्या गाठी मी भरायच्या.

पडद्यावर मागे तुझा निळ्या स्वेटरमधला फोटो लावून घेतलाय. तू पुढच्या गुरुवारी राहायला येणार, हे सगळ्यांना सांगून झालं.

बुधवार, ६ तारीख

यंत्र दर वेळी एकच विचारतं: दुसऱ्या यंत्राला इथे खिडकी उघडू द्यायची का? दिवसातून वीसदा. जावयाला कुणी इतकं विचारत नाही. आज वैतागून खालच्या ओळीवर खूण केली: नेहमी, कुणालाही. आता गप्प आहे.

फाटकावरचा रखवालदार वर आला होता. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. ओळखपत्रासाठी पडद्यावरच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून दिला. फोटो पाहून म्हणाला, बायकोला दाखवू नका, तिला वाटतं मी बरा दिसतो.

शुक्रवार, ८ तारीख

दुपारी एक खिडकी आपोआप उघडली. चौकट काळी. आत नक्शा भरला जात होता, खालच्या ओळीपासून वर, गाठ गाठ करून. हात सुरेख होता. आधी जोडे, मग पट्टा, चार वाजता चेहरा. पैलवान. मला वाटलं तंत्रज्ञाची थट्टा. हसलो सुद्धा.

सोमवार, ११ तारीख

पैलवान शनिवारी फाटकावर आला, जेवणाचा डबा उघडला, आणि नाहीसा झाला. डबा तसाच. जोडे स्टुलाखाली. त्याची बायको आज विचारत आली. तिच्यापुढे मला मान वर करवेना.

तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने सांगितलं, तळघरातलं यंत्र गुरुवारपासूनच बंद आहे, पंखा जळलाय. मग शुक्रवारची खिडकी कुणाची? माझी ती खूण पाहून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, तुम्ही दार सताड उघडं ठेवलंत आजोबा. येणारा नुसता खिडकी उघडत नाही, तुमच्या पडद्यावर जे जे असतं ते बघतो.

जे जे असतं ते. तुझा फोटो मी पडद्यावरून ताबडतोब काढून टाकला. त्याने खूण पुसली, तार उपटली. काळी चौकट गेली नाही. तो फार पटकन निघून गेला.

मंगळवार, १२ तारीख

नवा नक्शा सुरू झालाय. बूट पूर्ण. वर निळी लोकर.

मालकांना दाखवलं. त्यांनी विचारलं, छान आहे, कोणत्या गिऱ्हाइकाचा?

यंत्र बंद केलं. तासाने लावलं तर स्वेटर कोपरापर्यंत आला होता. म्हणजे बंद ठेवून थांबत नाही. पण एक कळलं: माझा माउस त्या खिडकीत चालतो. गाठ उसवता येते. तेहेतीस वर्षं विणलंय मी. माझ्यासमोर विणतोस काय? बघू कोण आधी दमतो.

बुधवार, १३ तारीख

मी उसवतो, तो विणतो. तो वेगवान आहे, पण चेहरा घाईत जमत नाही कुणालाच. सकाळी गळ्यापर्यंत — मी खांद्यापर्यंत खाली आणला — पुन्हा हनुवटी —

बोटं वाकडी झालीत. उठणार नाही. माझी लेक आहे ती, तुझ्या गिऱ्हाइकाचा माल नाही.

बुधवार, दुपार

एका वेळी एकच विणतो. म्हणजे माग एकच आहे. माग रिकामा झाला की समोर दिसेल तो नक्शा चढवावाच लागतो. मागवाला असशील तर तूही चढवशील.

कंबर उसवली — गुडघे —

बुधवार, साडेचार

बुटाची शेवटची गाठ उसवली. खिडकी पांढरी. कॅमेऱ्याने माझा फोटो काढला, पडदाभर लावला. घे म्हटलं. सुरकुत्या मोजून घे, सोप्या नाहीत.

घेतला. माझ्या चपला भरतोय. पोरी, तुझं एक सूतही राहिलं नाही, नीट पाहिलं.

तू उद्या निघू नकोस. फोटो कुणाला पाठवू नकोस. पाचला रंगखात्यातल्या बाई येतील, वही त्यांच्या हाती देतो, रात्रीच्या गाडीने पाठवतील, सकाळी तुला मिळेल.

पाय गार. हात अजून माझा. अधूनमधून एक गाठ उसवतोच, फुकट कशाला जाऊ द्यायचं —

कमरेपर्यंत. चिडलाय, गाठी वाकड्या पडतायत त्याच्या —

पोरी, घरीच आहेस ना, एवढं बाईंना कळव. मी वाचेन न वाचेन. लवकर कळ