यमुनाबाईंना काय उत्तर द्यावे

लिहून ठेवणार : काशीराम बाबली चिंदरकर, वय ७३, पूर्वीचा धंदा दशावतारी नाटकात स्त्रीपार्ट करणे, सध्या घरी. राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

मी आज पूर्ण शुद्धीवर आहे. दारू कधी घेतली नाही आणि आज तर चहासुद्धा बिनसाखरेचा झाला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. हृदयाचा एक झटका येऊन गेला. दुसऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा माझ्यामागे काय व्हावे ते मी स्वतःच्या अकलेने सांगत आहे आणि वकील निलेश पेडणेकर लिहून घेत आहेत. मध्ये मध्ये मी जे बोलेन तेही लिहा, असे त्यांना बजावले आहे. ते कलमात बसत नाही म्हणतात. बसत नसेल तर मांडी घालून बसवावे.

१. माझ्या कुटुंबात पत्नी यमुनाबाई, पुण्यास नोकरी करणारा मुलगा यतीन आणि जामसंड्यास दिलेली मुलगी दिव्या एवढी माणसे आहेत. यमुनाबाईंना काही वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. कोणाचीच नावे लक्षात राहत नाहीत, आमचीसुद्धा. माझी खरी मिळकत तीच. बाकी जे लिहितो आहे ते तिच्या सोयीसाठी.

२. माझ्या नावावरचे कौलारू घर, मागची पडवी, विहीर व काजूची बाग यमुनाबाई हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहावी. तिला या घरातून हलवू नये. माझ्यामागे तिला पुण्यात अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवावे, असे यतीनच्या मनात आहे. मी जाऊन बघून आलो. जागा स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. पण तिथे चुलीपुढे बसायला मिळत नाही आणि यमुना चुलीपुढेच शांत असते. तिच्या पश्चात ही सर्व मिळकत एकट्या दिव्याला मिळावी. यतीनवर माझा राग नाही. कारण पुढे सांगतो.

३. पोस्टात ठेवलेली रक्कम यमुनाबाईंच्या औषधपाण्याला आणि शेजारची सत्यवती दिवसभर तिच्यापाशी असते, तिच्या पगाराला वापरावी. सत्यवती पगार वाढवून मागणार नाही. तिने मागायच्या आधी वाढवावा.

४. पेटाऱ्यातली जरीची साडी, गंगावन व खोटे दागिने मृदंगवाल्या गुरुदासला द्यावेत. मी राणी होऊन रडायला लागलो की हा गृहस्थ ठेका पळवायचा, कारण त्याला पहिली एसटी गाठायची असे. उभ्या आयुष्यात माझे एकही रडणे त्याने पुरे होऊ दिले नाही. साडी हातात आल्यावर त्याला थोडे तरी वाईट वाटावे, एवढीच इच्छा आहे.

५. दर आठवडा बाजारच्या दिवशी मी तन्वीच्या दुकानात जातो. झेरॉक्सच्या मशीनमागे तिने दोन कॉम्प्युटर मांडले आहेत. मासळीची पिशवी दाराबाहेर ठेवायची, ही तिची अट. इंटरनेटवर मला तीन गोष्टी शोधून दे, असे मी तिला सांगतो : एक मनाविषयी, एक घरसंसाराविषयी, एक करमणुकीची. पान उघडायला वेळ लागतो, कधी मध्येच वीज जाते. तरी ती इंग्रजी वाचून मला आमच्या बोलीत सांगते. वासाने जुन्या आठवणी जाग्या होतात, हे तिथेच कळले. जपानातही नाटकात पुरुष बायकांची कामे करतात, हेही. त्यातल्या एका म्हाताऱ्याचा रंगवलेला चेहरा पडद्यावर आला तेव्हा मी उठून नमस्कार केला. तन्वी हसली, पण मला तो आमच्याच कंपनीतला वाटला.

घरी येऊन हे सगळे मी यमुनाला सांगतो. ती बांगडे साफ करत ऐकते. सुरी अजून तिच्या हातात बरोबर चालते. जन्मभर मी संध्याकाळी पेटारा घेऊन निघालो आणि सकाळी येऊन झोपलो, त्यामुळे आमच्या गप्पा अशा याच वयात झाल्या. माझ्यामागे हा रिवाज मोडू नये. दर आठवड्याला कोणीतरी काहीतरी शोधून तिला सांगावे. ती विसरणारच. ऐकताना तिला बरे वाटते, तेवढे पुरे.

तन्वीला काही ठेवायचे मनात होते. पण ती साक्षीदार असल्याने तसे करू नये, असे वकील म्हणतात. म्हणून तिला नमस्कार ठेवतो.

६. एका बाजाराला तन्वीने परदेशातल्या एका बाईने लिहिलेले वाचून दाखवले. तिच्या आईलाही हाच आजार. तिचे म्हणणे असे, की आईला चूक दाखवू नये, ती जिथे असेल तिथे आपण जावे. तन्वीला त्याचे नवल वाटले. मी म्हटले, आमच्या नाटकात दुसरे काय असते? दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा म्हणाला मी वैकुंठाहून आलो, तर आपण विचारायचे, प्रवास कसा झाला. तू तर देवळामागून आलास, असे म्हटले की नाटक पडले.

तेव्हापासून यमुनाने तिच्या वडिलांची चौकशी केली की मी सांगतो, गुरे बांधतायत, येतीलच. मग ती जेवते. दिव्याला हे जमते. यतीनला जमत नाही. तो लहानपणापासून खरे बोलणारा. आई त्याला विचारते, "तू कोणाचो रे?" की तो नाव सांगतो, जन्मसाल सांगतो, फोटो दाखवतो. ती आणखी घाबरते आणि तो पडवीत जाऊन डोळे पुसतो. मी समजावले तेव्हा म्हणाला, "आईशी खोटां बोलाक माझी जीभ वळणा नाय, बाबा." माझ्यामागे तो तिला रोज खरे सांगेल, याची मला भीती वाटते. कलम २ त्यामुळे तसे लिहिले.

७. मी गेल्यावर यमुनाबाईंचे कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये, बांगड्यांना हात लावू नये. कोणी वडीलधारी बाई रीत सांगायला आली तर तिला चहा द्यावा आणि हे कलम वाचून दाखवावे. यमुनाला रिकामे कपाळ आरशात दिसेल, ती विचारेल, कोणीतरी सांगेल, ती रडेल आणि विसरेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरसा. माझ्या बायकोने रोज नव्याने विधवा व्हावे, हे मला सोसणार नाही.

मी कुठे आहे असे तिने विचारले तर काय सांगावे, ते लिहून देत नाही. पाठ केलेले उत्तर ती ओळखते. समोर जो असेल त्याने त्या वेळी सुचेल ते मायेने सांगावे.

८. येथवर झाल्यावर मजकूर वाचून दाखवण्याची वेळ आली. यतीन व दिव्या दोघेही यासाठी घरी आली आहेत; वकिलांचा घसा बसल्याने यतीनने वाचला. स्वतःविषयीचे कलम त्याने न अडखळता वाचले. सातव्याला तो थांबला. एवढ्यात यमुना चुलीपासून उठून दारात आली. खुर्चीत कागद घेतलेला माणूस आणि भोवती बसलेले आम्ही, हे बघून तिला तो नाटक कंपनीचा मालक वाटला असावा. डोक्यावर पदर घेऊन ती त्याला म्हणाली, "मालक, ह्येंका आज लवकर सोडा. बरां नाय त्येंका."

यतीनने माझ्याकडे बघितले. मग तो खुर्चीतून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "सोडतंय, वयनी. तुमी पेज गरम करून ठेवा."

ती समाधानाने आत गेली. यतीन उभाच राहिला. दिव्याने पेन माझ्या हातात दिले. कलम २ मधील 'एकट्या दिव्याला' हे शब्द मी स्वतः खोडून 'दिव्या व यतीन यांना सारखी' असे लिहिले असून खाडाखोडीवर सही केली आहे. यमुनाबाईंना सांभाळण्याची जबाबदारीही दोघांची सारखी.

आणखी सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण मालकांनी सोडले आहे आणि आत पेज गरम होत आहे, म्हणून सही करून उठतो.

ठिकाण : कट्टा
दिनांक : १४ नोव्हेंबर २००९

(सही) काशीराम बाबली चिंदरकर

लिहून ठेवणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली :
१. (सही) तन्वी गुरव, कट्टा
२. (सही) निलेश पेडणेकर, वकील, मालवण